लवंगांची संत्री

नॉटिंगहॅम,
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय आसावरी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशीलच. आठ वर्षांत मी तुला साधं वाढदिवसाचं कार्डसुद्धा पाठवलेलं नाही, त्यामुळे पत्र हातात पडल्यावर आधी तुझ्या मनात येईल, की तनयाला काही झालं की काय. काही झालेलं नाही. काल दुपारी नीलनं तिला तुझ्या दारात सोडलं, तेव्हा तिच्या बॅगेतून दालचिनीचा वास आला असेल, तो आमच्याकडचा. हाफ टर्मच्या सुट्टीचा आठवडा फार चांगला गेला. सोमवारी आल्या आल्या जोडेसुद्धा न काढता तिनं विचारलं, “आजी, ऑरेंजेस आणलेस का?” मी आणून ठेवलीच होती, दोन डझन, घट्ट सालीची. तिनं एकटीनं नऊ संत्र्यांना लवंगा टोचल्या. दुखऱ्या बोटांना तीन चिकटपट्ट्या लावूनसुद्धा थांबायला तयार नव्हती. मी माझं शिवणाचं अंगुस्तान दिलं तर म्हणाली, हे घातलं की लवंगेचं डोकं कळत नाही. अगदी तुझं वाक्य. तू तिला शिकवलंस की तिला आपोआप सुचलं, कोण जाणे.

तुला आपली पहिली संत्री आठवतात का? लग्नानंतरचा तुझा इथला पहिला ऑक्टोबर. तुम्ही दोघं ब्रॅकनेलहून चार दिवस राहायला आला होतात आणि मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रं पसरून बसले होते. तू समोरचं संत्रं उचललंस, साल दाबून पाहिलीस आणि अशा काही नजरेनं परत खाली ठेवलंस, की मला हसूच आलं. “आई, हे काय संत्रं आहे का? हे सोलायलाच अर्धा तास लागेल.” नागपूरच्या मुलीला मी काय सांगणार! मी म्हटलं, अगं, खायचं नाहीये, सजवायचंय. पण तू ऐकलं नाहीस. गाडी काढायला लावलीस, सॅटसुमांची जाळी आणलीस, आणि तुझ्या त्या ढिल्या सालीच्या लाडक्यांना लवंगा टोचायला बसलीस. प्रत्येक लवंगेसरशी रस मनगटावरून कोपरापर्यंत. मी आपली माझी टोचत राहिले. आठ दिवसांनी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलेल्या त्या कागदी पिशव्या उघडल्या, तर आत हिरवी मखमल. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मग म्हणालीस, “बरं, पुढच्या वर्षी तुमची मोसंबी.”

पुढच्या वर्षी खरंच आपण नीट केली. विणायच्या सुईनं आधी भोकं पाडायची, रिबिनीसाठी मधे पट्टा मोकळा सोडायचा, मग रांगेनं लवंगा, मग दालचिनी आणि जायफळाच्या पुडीत घोळवायची आणि महिनाभर रोज फिरवत राहायची. वजन अर्ध्याच्या खाली येतं, साल लाकडासारखी खडखडीत होते, आणि वास मात्र वर्षभर जात नाही. चकत्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून त्यांची तमालपत्रांबरोबर माळ करायची कल्पना तुझी. दारावर ती माळ लागली आणि पोस्टमनसुद्धा थांबून वास घेऊन गेला. तुला सासू म्हणून मी आणखी काय दिलं ते मला आज आठवत नाही. मंगळसूत्र केलं होतं, साड्या दिल्या होत्या, पण ते सगळ्याच देतात. त्या टेबलाशी बसून घालवलेल्या सहा ऑक्टोबरांत मात्र मला वाटायचं, की मुलगी असती तर अशीच असती. हे मी तेव्हा तुला म्हणाले नाही. आपल्याकडे असं म्हणायची पद्धत नाही, किंवा मलाच जमलं नसतं.

बाबा बरे आहेत. आता कानाला यंत्र आहे, पण ते खिशात असतं. रिटायर झाल्यापासून हा माणूस इतका बोलतो की विचारू नकोस. या वर्षी तनयानं त्यांनाही बसवलं. चाळीस वर्षं माणसांना भूल देण्यात गेली, त्यामुळे लवंग टोचण्याआधी संत्र्याला म्हणतात, “नाऊ, जस्ट अ स्मॉल स्क्रॅच.” तनया हसून हसून खुर्चीवरून घसरते. मी ओट्याशी उभी राहून त्या दोघांकडे बघत होते आणि मला एकदम भरून आलं. का, ते तिथे कुणालाच सांगता आलं नसतं. तुला सांगते. फार आधी सांगायला हवं होतं.

तू मला एकदा विचारलं होतंस, की आई, हे सगळं तुम्ही कुणाकडून शिकलात, आणि मी म्हटलं होतं, शेजारच्या मिसेस हॅलम होत्या, त्यांनी शिकवलं. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. चौऱ्याऐंशी साल. मला पुण्याहून येऊन सात महिने झाले होते. हे दिवस-रात्र हॉस्पिटलमध्ये, आणि मी घरात खिडकीशी. कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढायला बाई हवी होती. दुपारचे दोन तास. मी जाऊन नाव देऊन आले. मला इंग्रजी बोलायची सवय होईल, मुलं दिसतील, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी मोठ्या हौसेनं यांना सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, “डॉक्टरची बायको शाळेत डाळ-भात वाढणार?” तिथे डाळ-भात नव्हताच, पण ते सांगायची वेळ नव्हती. आणि त्यानंतर हे माझ्याशी एकोणीस दिवस बोलले नाहीत.

ओरडले नाहीत, हात उगारला नाही. सकाळी चहा घ्यायचे, कप विसळून ठेवायचे, जायचे. यायचे, जेवायचे, पेपर वाचायचे. मी काही विचारलं, की मी त्या खोलीत नाहीच अशा नजरेनं भिंतीकडे बघायचे. तू हे वाचताना जागच्या जागी थांबली असशील, मला माहीत आहे. तेव्हा या देशात मी दुसऱ्या कुणाला ओळखतच नव्हते. सातव्या दिवशी मी शाळेत जाऊन नाव मागे घेतलं. तेही यांना सांगितलं. तरी नाही. कधी कधी मी न्हाणीघरात जाऊन स्वतःशीच मोठ्यानं बोलायचे, घशातून आवाज निघतो का ते बघायला.

मिसेस हॅलमना काय कळलं होतं देव जाणे. एका सकाळी त्या संत्र्यांची टोपली घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, मला दिसत नाही नीट, मदत कर. त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांच्याकडे लवंगांची बोटाएवढी काचेची बाटली होती, तीन संत्र्यांत संपली. मी वर जाऊन आईनं बांधून दिलेला डबा आणला, मसाल्यासाठीचा, अर्धा किलो तरी लवंगा असतील. त्यांनी डब्यात नाक घातलं आणि डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. तीन सकाळी आम्ही बसलो. त्या त्यांच्या मांजराचं सांगायच्या, मी अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत आमच्या घरचं सांगायचे, आणि एकमेकींना सगळं कळायचं. तिसऱ्या संध्याकाळी मी ती सगळी संत्री दिवाणखान्यात टांगली, चकत्या ओव्हनमध्ये होत्या. हे आले, दारातच थबकले, आणि म्हणाले, “कसला वास येतोय?” एकोणीस दिवसांनी पहिलं वाक्य. आणि आसावरी, मी काय केलं असेल? मी हसून म्हटलं, संत्र्यांचा, छान आहे ना? जणू सकाळपासून आम्ही गप्पाच मारत होतो. का बोलला नाहीत हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढे जेव्हा जेव्हा तसं झालं, पाच दिवस, बारा दिवस, एकदा जवळजवळ महिना, तेव्हाही विचारलं नाही. नील सहा-सात वर्षांचा असेल, तो आमच्या दोघांमधून निरोप पोहोचवायचा. “डॅड, मम्मी म्हणतेय,” “मम्मी, डॅड विचारतायत.” किती हुशार मुलगा, असं मला वाटायचं.

मी मात्र मनाशी पक्कं धरलं, की आपल्याला युक्ती सापडली. घर छान ठेवायचं, वास दरवळत ठेवायचा, माणूस आपोआप बोलतो. म्हणून दर ऑक्टोबरला संत्री. तू ज्याला माझा छंद समजायचीस, तो छंद नव्हता गं. नंतर झाला असेल, तू आल्यावर. आधी नव्हता.

आता त्या आठवड्याबद्दल. तू त्या गुरुवारी कळवून आली नव्हतीस. ट्रेननं, तीन वर्षांच्या तनयाला कडेवर घेऊन, एक सूटकेस. मी विचारलं, नील नाही आला? तू म्हणालीस, काम आहे. मी पुढे विचारलं नाही, टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. शुक्रवारी दुपारी तनया झोपली होती. तू तिसरं संत्रं हातात घेतलं होतंस. मान वर न करता म्हणालीस, “आई, नील माझ्याशी सव्वीस दिवस बोललेला नाही. मी टीम लीड झाल्याचं सांगितलं, त्या दिवसापासून. मला थोडे दिवस इथे राहू द्याल?” तुझा आवाज अगदी साधा होता. सव्वीस. तूही मोजत होतीस.

त्या क्षणी मी तुला सगळं सांगू शकले असते. तू एकटी नाहीस, हे काय असतं ते मला ठाऊक आहे, एवढं म्हणायला दहाच सेकंद लागले असते. पण ते म्हटलं असतं, तर माझ्या तेहेतीस वर्षांचं काय झालं असतं? यांनी चूक केली आणि मी ती चालवून घेतली, आणि माझा मुलगा तेच बघत मोठा झाला, हे मला कबूल करावं लागलं असतं. ते मला झेपलं नाही. म्हणून मी म्हटलं, अगं, असतात पुरुष असे, मनावर घेऊ नये, ही संत्री घरी घेऊन जा, दारात लाव, बघ बोलेल. तू माझ्याकडे पाहिलंस आणि फार हळू म्हणालीस, “आई, त्याला वास येत नाही असं नाहीये. त्याला बोलायचं नाहीये.” मी म्हटलं, राहा हवे तितके दिवस, घर तुझंच आहे. आणि वरच्या बेडरूममध्ये जाऊन, दार लावून, नीलला फोन केला. सकाळी येऊन बायकोला घेऊन जा म्हणाले. लोक काय म्हणतील, असंही म्हणाले बहुतेक. इथे कोण लोक होते, सांग!

शनिवारी सकाळी त्याची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा तू तनयाला दूध देत होतीस. तू खिडकीतून बघितलंस, मग माझ्याकडे. “तुम्ही?” एवढंच. तू वर गेलीस, दहा मिनिटांत सूटकेस घेऊन खाली आलीस, वाकून नमस्कार केलास. नमस्कार करायला विसरली नाहीस, तेच मला सगळ्यात जास्त लागलं. गाडी निघाली. मागे तनया मला टाटा करत होती, पुढे तुम्ही दोघं सरळ रस्त्याकडे बघत होतात.

त्यानंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस, आणि दोन वर्षांनी कागदोपत्रीही तुमचं संपलं. पण तू मुलीला कधी तोडली नाहीस. प्रत्येक सुट्टीत पाठवलीस, तिच्या तोंडून आमच्याबद्दल कधी वाकडा शब्द आला नाही. नील तिला इकडे घेऊन येतो तेव्हा गाडीत ठेवलेला चकलीचा डबा कोण देतं, हे मला न विचारता कळतं. मी मात्र एक फोन केला नाही. काय बोलणार, हा प्रश्न होता, आणि नंतर नंतर तर न बोलण्याची सवयच लागली. बघ, शेवटी मीही तेच केलं तुझ्याशी. एकोणीस नाही, सव्वीस नाही, आठ वर्षं.

नीलही आठवडाभर इथेच होता, मंगळवारी संध्याकाळी मी हे सगळं त्याला म्हणाले. तनया आणि बाबा वोलाटन पार्कात हरणं बघायला गेले होते. तो टेबलावरच्या लवंगा बोटानं इकडून तिकडे करत ऐकत होता. मला वाटलं, आता उठून जाईल. नाही गेला. म्हणाला, “आई, त्या दिवशी फोनवर तू मला एकदा विचारायला हवं होतंस, की तू का बोलत नाहीयेस. तू नुसतं ये म्हणालीस.” मग म्हणाला, की गेली दोन वर्षं तो ईलिंगमध्ये एका समुपदेशकाकडे जातो. सुरुवातीचे सहा आठवडे तिथेही गप्पच बसायचा. हे सांगताना त्याला हसू आलं आणि मला रडू. त्याचा बचाव करण्यासाठी हे लिहीत नाहीये. तो बदलला असेल तर ते त्याच्यासाठी आणि तनयासाठी. तुझं त्यात काही देणं नाही.

आणि बुधवारी तनयानं बातमी दिली. दालचिनीच्या पुडीत संत्रं घोळवता घोळवता, जसं काही शाळेतलं सांगावं तसं, “आजी, मम्मीचा लग्न आहे. देवशी. ट्वेंटी-सेकंडला.” बाबांच्या कानात यंत्र नव्हतं, तरी त्यांना ऐकू आलं. मी विचारलं, कसा आहे देव? ती म्हणाली, “तो खूप बोलतो. ही नेव्हर स्टॉप्स. मम्मी त्याला म्हणते, ब्रीद.” आसावरी, मला इतका आनंद झाला, की मी पुडीचे हात तिच्या केसांना तसेच लावले. खूप बोलणारा माणूस! तुला सकाळी उठल्यापासून कुणीतरी बोलायला आहे, भांडायला आहे, नको इतकं सांगायला आहे. खूप खूप सुखी राहा. हे तुझी पूर्वीची सासू म्हणून म्हणत नाही. मग कोण म्हणून म्हणतेय, ते माझं मलाही नक्की ठरवता आलेलं नाही.

पत्र मी खरं तर यासाठी लिहायला घेतलं. तनयानं आणखी एक सांगितलं. नागपूरच्या आजोबांना डॉक्टरांनी विमानाची परवानगी दिलेली नाही, आणि तुझी आई तर तू कॉलेजात असतानाच गेली. रजिस्ट्रारसमोर दोन साक्षीदार लागतात. देवच्या बाजूनं त्याची बहीण यमुना सही करणार आहे, आणि तुझ्या बाजूनं ऑफिसातल्या कुणालातरी विचारायचं तुझ्या मनात आहे, पण अजून विचारलेलं नाहीस. तनया म्हणाली, मी केली असती सही, पण मी लहान आहे. तर आसावरी, मी येऊ का? बोलावणं मागत नाही. जेवायला थांबणार नाही, फोटोत उभी राहणार नाही, कुणी विचारलं तर तनयाची आजी म्हण आणि पुढे जा. बाबांना सांगितलं, ते म्हणाले जा, आणि मग बराच वेळ रडले. नीलला विचारलेलं नाही, सांगितलंय. माझ्या टेबलाशी बसून तू जे सांगितलंस, ते ऐकणारी मी एकटीच होते, आणि मी ते ऐकलंच नाही असं केलं. या वेळी तुझ्या बाजूला उभं राहून, डोळ्यांदेखत बघून, खाली माझं नाव लिहायचंय. नको वाटलं तर नुसतं ‘नको’ एवढं कळव. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त काहीतरी कळव.

तुझीच,
सुप्रभा
(आई म्हणून हाक मारलीस तरी ओ देईन.)